सर आणि त्यांचे कंट्रोलर

माझ्याकडे खेळण्यातल्या रेल्वेचे कंट्रोलर आहेत. गाड्या फारशा नाहीत. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलंय आणि दर वेळी ऐकणाऱ्याने माझ्या नवऱ्याकडे बघितलंय, खरा खुलासा त्याच्याकडूनच यायचा असल्यासारखं.

कंट्रोलर म्हणजे एक डबा. छोटी रेल्वे रुळांतून येणाऱ्या विजेवर चालते. ती वीज किती सोडायची आणि गाडी पुढे न्यायची की मागे, हे या डब्यावरच्या गोल नॉबने ठरतं. मी निवृत्त होईपर्यंत मानपाड्याला एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासायच्या खात्यात होते, त्यामुळे असले डबे उघडायची माझ्या हाताला सवय. एकदा आमच्या मालकांनी त्यांच्या लहानपणीचा एक कंट्रोलर माझ्या टेबलावर ठेवला. त्याची गाडी कधीच मोडून गेली होती. "बघा काही होतंय का," म्हणाले. मी आतली जळकी तार बदलली, नॉब फिरवला आणि मीटरचा काटा हळूहळू वर चढताना बघून मला इतकं बरं वाटलं की तो डबा परत द्यावासा वाटेना. मालक म्हणाले, "ठेवा तुम्हालाच."

मग ते वाढत गेले. काही भंगारातून आले, काही परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगांतून. एक पत्र्याचा आहे, चालू केला की अर्ध्या तासात पापड भाजण्याइतका तापतो. एकाला खऱ्या इंजिनात असतो तसा दांडा आहे. एकावरची जर्मन अक्षरं आमच्या घरात अजून कोणालाही वाचता आलेली नाहीत. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये नवऱ्याला ऑफिसात मिळालेली स्मृतिचिन्हं होती, ती एकेक करून माळ्यावर गेली.

"गाडी नाही, नुसतं बटण?" नवरा म्हणायचा. "उद्या टीव्ही न घेता रिमोट जमवशील."

त्याचं आयुष्य एका सरकारी कचेरीत गेलेलं. केस पांढरे शुभ्र, आवाज भारदस्त. ही माहिती पुढे उपयोगी पडणार आहे.

ठाण्यात असे छंद असणाऱ्या लोकांचा एक ग्रुप आहे असं मला नेटवर कळलं. मी त्यांना लिहिलं, संग्रहाचे फोटो पाठवले. लगेच बोलावणं आलं. कोलशेतला एका टॉवरमध्ये, बाराव्या की तेराव्या मजल्यावर, एकाने अख्खी बेडरूम रुळांना दिली होती. मला गाडी चालवता येत नाही, म्हणून नवऱ्याने आणून सोडलं. तो म्हणाला, "मी खाली बसतो, तू जाऊन ये." मीच त्याला ओढत वर नेलं. आजही मी त्या क्षणाचा अधूनमधून विचार करते.

दार उघडणारा यजमान चाळिशीतला, सॉफ्टवेअरवाला. त्याने नवऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "या सर, या! तुमचं कलेक्शन बघून आम्ही वेडे झालोय."

"कलेक्शन माझं आहे," मी म्हटलं.

"हो काकू, म्हणजे काय! घरच्यांच्या सपोर्टशिवाय हे होतंच नाही."

यजमानाची बायको मोठी गोड. "काकू, आपण इकडे बसू, त्यांचं चालू दे," म्हणून ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मला साबुदाणा वडे मिळाले. तिथून आतलं सगळं ऐकू येत होतं. कोणीतरी विचारलं, "सर, तुम्ही कोणाच्या बाजूचे? जुन्या कंट्रोलरच्या की डिजिटलच्या?"

मी वडा हातात धरून बसले. मग तो भारदस्त आवाज आला, "ते तुम्हाला त्यातून काय साधायचंय, त्यावर आहे."

"वा!" चार-पाच जण एकदम म्हणाले. या एका वाक्यावर त्याने कचेरीतली सगळी वर्षं काढली होती.

परतताना गाडीत मी चिडले. "अहो, सांगायचंत ना त्यांना!"

"अगं, ते विचारत नव्हतेच, सांगत होते. मला जेमतेम मान हलवायला वेळ मिळत होता." थोड्या वेळाने तो म्हणाला, "डिजिटल म्हणजे काय गं?"

माणकोलीच्या पुलापर्यंत मी त्याला समजावलं. जुन्या पद्धतीत रुळातली वीज कमीजास्त केली की त्या रुळावरची सगळी इंजिनं मिळून वेग बदलतात. डिजिटलमध्ये रुळात वीज कायम तेवढीच असते, पण प्रत्येक इंजिनाला आपापला नंबर असतो आणि हुकूम त्या नंबरलाच जातो. "म्हणजे नुसतं ओरडायचं नाही, नाव घेऊन ओरडायचं," नवरा म्हणाला. उपमा चांगली होती. पुढच्या आठवड्यात त्याने ती ग्रुपवर वापरली.

कारण ग्रुपवर त्यालाच घेतलं होतं. मी मागे लागल्यावर मलाही घेतलं, पण प्रश्न त्याला यायचे. तो ते मोठ्याने वाचायचा, मी पोळ्या लाटता लाटता उत्तर सांगायची, तो टाइप करायचा. शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडायचा, "प्रयोग करून बघा." सरांची उत्तरं कशी नेमकी आणि थोडक्यात असतात, याची चर्चा होऊ लागली. थोडक्यात यासाठी की पोळी करपत असायची. पुढे ग्रुपची रीतसर संस्था झाली आणि अध्यक्ष कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा दुसरं नावच आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ठाण्यात एक हॉल घेऊन त्यांनी प्रदर्शन भरवलं. माझे कंट्रोलर लांब टेबलावर मांडले, मागे फलक, "सरांचा संग्रह". मला टेबलाशी खुर्ची दिली. माझं काम एकच, लोकांना हात लावू नका म्हणायचं. शेजारी रूळ मांडून एक इंजिन तयार ठेवलं होतं, ते चालवून उद्घाटन करायचं, अर्थात अध्यक्षांच्या हस्ते. नवरा पुढे झाला, माईकवर दोन शब्द बोलला आणि त्याने नॉब धरून झटक्यात शेवटपर्यंत फिरवला.

इंजिन सुसाट निघालं. पहिल्याच वळणावर रूळ सोडून हवेतून गेलं आणि फरशीवर पडलं.

नवरा नॉब धरून तसाच उभा. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. तेवढ्यात कोलशेतच्या यजमानाने माईक ओढून घेतला. "बघितलंत? सरांनी मुद्दाम करून दाखवलं. नॉब एकदम फिरवला तर काय होतं, ते आता कोणी विसरणार नाही." टाळ्या पडल्या. मागचे लोक तर उभे राहिले.

मी इंजिन उचललं. डबा जोडायचा हुक वाकला होता, तो चिमट्याने सरळ केला, चाकं नीट बसवून इंजिन रुळावर ठेवलं. शेजारी उभ्या असलेल्या एक बाई हळहळून म्हणाल्या, "तुमचा फार वेळ जात असेल ना यांच्या छंदात?"

"जातो," मी म्हटलं.

घरी येईपर्यंत नवऱ्याने गाडी अगदी हळू चालवली. चपला काढताना म्हणाला, "पुरे झालं. मी सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकतो."

आणि त्याने सांगितलं. पुढच्याच बैठकीत उभा राहून, सगळ्यांसमोर. "मला यातलं काही कळत नाही. संग्रह हिचा, उत्तरं हिची. मी फक्त टाइप करतो." लगेच एक ज्येष्ठ सदस्य हात जोडून म्हणाले, "एवढा अधिकार असून इतका विनय! तोही या काळात!" मला पुष्पगुच्छ दिला. सरांच्या पाठीशी उभं राहिल्याबद्दल. नवऱ्याने माझ्याकडे हताशपणे बघितलं. मी गुच्छ घेऊन हसले. दुसरं काय करणार?

त्यानंतर मात्र तो बदलला. पडलेलं इंजिन त्याच्या मनातून जाईना. मी डबा उघडून बसले की शेजारी येऊन बॅटरीचा उजेड धरायचा, हे काय, ते काय विचारायचा. तारांना डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला शिकला. बोटं भाजून घेतली, माझ्या टेबलक्लॉथला भोक पाडलं, एकदा अख्ख्या इमारतीची वीज घालवली. स्वतःचा मीटर आणला, माझ्यापेक्षा भारी. मी मनातल्या मनात म्हणत होते, चार दिवस चालेल हे.

गेल्या महिन्यात दुपारी त्याला कल्याणच्या एका सदस्याचा फोन आला. इंजिन हळू चालवलं की अडखळतंय. मी कपडे वाळत घालत होते. नेहमीसारखा तो फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघेल म्हणून थांबले. मनात उत्तर तयार होतं, कंट्रोलर उघडायला सांगा.

त्याने बघितलं नाही. "रूळ पुसलात? बरं. नाही, कंट्रोलरला हात लावू नका. आधी इंजिन उलटं करा आणि चाकांच्या आसाशी बघा. तुमच्याकडे मांजर आहे ना? फोटोत दिसतं. हं, बघा, मी आहे फोनवर."

थोड्या वेळाने पलीकडून इतक्या जोरात आरोळी आली की मलाही ऐकू आली. मांजराच्या केसांचा गुंता निघाला होता.

मला आनंद व्हायला हवा होता. मी आत जाऊन चहा टाकला. चहात आलं जरा जास्तच किसलं. कप त्याच्यासमोर ठेवत म्हटलं, "बरोबर सांगितलंत."

"तूच शिकवलंस सगळं."

"मांजराचं मी नव्हतं शिकवलं."

"ते आपलं सहज सुचलं," तो म्हणाला. अध्यक्ष झाल्यापासून विनय त्याला चांगला जमायला लागला आहे. मग तो फोन घेऊन गॅलरीत गेला, कारण कल्याणवाल्यांनी सगळी हकिगत ग्रुपवर टाकली होती आणि सरांचं कौतुक चाललं होतं. कोणी हात जोडत होतं, कोणी अंगठा दाखवत होतं. मी जरा वेळ वाचत बसले. मग मीही एक अंगठा पाठवला.