आग्बोझो मास्तरांचे टोमणे

समुद्रकाठच्या केटा गावच्या शाळेत आग्बोझो मास्तरांनी कधी कोणावर छडी उगारली नाही. ते काम त्यांनी संगणकाकडे सोपवलं होतं. शाळेतल्या एकुलत्या एक संगणकावर त्यांनी पाढ्यांचा प्रोग्रॅम लिहिला होता. उत्तर चुकलं की पडद्यावर आमच्या एवे भाषेत टोमणा उमटायचा. आमच्या पिढीचे पाढे कच्चे राहिले, पण टोमणे पाठ झाले, असा आमचा समज होता. म्हातारपणी तेही विसरलो.

मास्तर जाऊन वर्ष होत आलं. वर्षाच्या विधीत दिवंगत माणसाचे बोल त्याच्याच शब्दांत म्हणून दाखवायचे, ही त्यांच्या घराण्याची रीत. मास्तर घरी अगदी मितभाषी. त्यांच्या बायकोला, एन्योनामला (आम्ही तिला दावी म्हणजे ताई म्हणतो), आठवून आठवून "मीठ कमी आहे" एवढंच आठवलं. त्यावर विधी कसा उरकणार? म्हणून तिला ते टोमणे हवे होते.

जुना संगणक खाऱ्या वाऱ्याने कधीच गंजला होता. मास्तरांच्या हातचा, माणसाला वाचता येणारा मूळ प्रोग्रॅमही हरवला होता. उरली होती एक फ्लॉपी आणि तिच्यात त्याचीच, फक्त यंत्राला कळेल अशी करून ठेवलेली फाइल. नव्या संगणकावर ती चालेना.

"चालत नाही तर राहू दे, दावी. तिचं पोट फाडून बघू," संगणक दुरुस्त करणारा सेनानू म्हणाला. तो मास्तरांचाच विद्यार्थी. त्याने 'स्ट्रिंग्ज' नावाची आज्ञा दिली. असल्या फाइलीतला चिखल उपसून वाचता येण्याजोगे शब्द तेवढे ती बाहेर काढते.

इंग्रजी भरपूर निघालं. डिस्क भरली आहे, शून्याने भागता येत नाही, सर्व हक्क राखीव.

"हे माझ्या नवऱ्याने लिहिलंय?"

"नाही गं, हे सॉफ्टवेअर कंपनीचं. मास्तरांचं पुसलं गेलं असणार."

"पुसलं कसं जाईल? यंत्रात इंग्रजीत नसलेली आपली अक्षरंच नव्हती, म्हणून एकेक ठिपका मांडून त्याने ती काढली. पावसाळाभर माझ्याशी धड बोलला नाही मेला!"

सेनानूने कपाळाला हात लावला. निराळं सांगितलं नाही, तर ही आज्ञा फक्त इंग्रजी अक्षरांनाच वाचण्याजोगं समजते. मास्तरांनी काढलेलं अक्षर आलं की ओळ तुटायची, आणि चार अक्षरांहून लहान तुकडे ती टाकूनच द्यायची. त्याने निराळं सांगितलं. मास्तरांच्या अक्षरांच्या जागी आता चौकटी आणि उलटी प्रश्नचिन्हं आली, पण बाकीची अक्षरं दिसत होती आणि ओळी सलग होत्या. दोघं बोट ठेवून वाचू लागली.

"'डोक्यात खेकड्याने बीळ केलंय का?' हा माझा, दावी! मला मिळालेला!"

"मिरवू नकोस. पुढे वाच."

शेवटी एक ओळ होती, सगळी उत्तरं बरोबर देणाऱ्यासाठी. आमच्यापैकी कोणीच ती कधी पाहिली नव्हती. 'शाब्बास. आता मलाही घरी सोड, एन्योनामने रांधलेलं आक्प्ले गार होईल.'

"पुन्हा वाच," दावी म्हणाली.

विधीला तिने सगळे टोमणे ठणठणीत आवाजात म्हटले. टक्कल पडलेले विद्यार्थी आपापला टोमणा ओळखून हसत होते. शेवटची ओळ तिने म्हटली नाही. सेनानूने खूण केली, तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "ती कशाला? तुमच्यातल्या एकाने तरी कमावली होती का?"