वाघाच्या मुखवट्यातून आलेली ओ

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. तरीही हे लिहितोय, कारण मनावरचं ओझं उतरत नाही.

१९९६ च्या सुमारास मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर शिक्षक होतो. तिथल्या बोहाड्यात, म्हणजे देवांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवात, वाघाचं सोंग पाड्यावरच्या लहानू या तरुण शेतकऱ्याच्या घराकडे होतं आणि तोच ते नाचवी. सावरीच्या लाकडाचा मुखवटा, कपाळावर कोरलेले चंद्र-सूर्य. वाघ म्हणजे त्यांच्या शिवेचा राखणदार. मुखवटा चढला की आतल्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. संबळावर निरोपाची चाल वाजून तो उतरेपर्यंत. हे मला लहानूनंच बजावलं होतं.

मी हट्टानं त्याला नाशिकला एका दुपारच्या कार्यक्रमाला नेलं. नाच रंगला, टाळ्या पडल्या, आणि माइक माझ्या हातात... कलाकाराची ओळख करून द्यायची शाळेतली सवय! "हे आमचे लहानू –" एवढंच बोललो. संबळवाल्याचे हात थांबले. वाघ थांबला. मुखवटा तसाच, निरोपाविना उतरवला.

गावी आल्यावर लहानू जेवे, शेतात राबे, हसेही. फक्त स्वतःच्या नावाला ओ देईना. आईनं कानाशी हाक मारली तरी मान वळेना. "अरे" म्हटलं की लगेच वळे. नाशिकच्या डॉक्टरांनी कान तपासले – काहीही दोष नाही. नंतर संबळ वाजवून निरोपही दिला, पण फरक पडला नाही. मी मात्र बदली करून घेतली.

काही वर्षांनी धीर करून गेलो. लहानूची म्हातारी आई दारातच म्हणाली, "इतकी वर्सं वाघ आडवा आला व्हता का, गुरुजी?" मग तिनं आढ्याला टांगलेलं फडक्याचं गाठोडं दाखवलं. त्यात मुखवटा होता. "तुमीच त्याला यात अडकवलाय. तुमीच बोलवा."

लहानू अंगणात नागली पाखडत होता. मी हाक मारली, "लहानू..."

सुपाचा आवाज चालूच राहिला. आणि गाठोड्यातून, थकलेला पण त्याचाच आवाज आला, "ओ गुरुजी... संबळाचं वाजप सरलं का?"

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. 'सरलं, घरी ये' – एवढंच म्हणायचं होतं. मी चप्पल न घालताच निघालो.

तो आवाज कुठून आला, मला सांगता येत नाही. म्हातारी आता नाही. शेवटपर्यंत तिनं पोराला "अरे" म्हणूनच बोलावलं.