चालू नर्सरीचं बंद पान

अविराजला सायबरवाल्यांनी उचलून नेलं, ही बातमी भवानीनगरात दुपारपर्यंत एवढी पिकली की कुणाकुणाला बेड्याही दिसल्या. साफ खोटं. तो आईचा, शकुबाईचा, चष्मा करायला इंदापूरला गेला होता. केलं होतं ते मात्र बेड्यांच्याच लायकीचं.

घरी बसून वेबसाईट करणारा हा गडी तिशी ओलांडून बिनलग्नाचा. लोणी देवकरच्या विजयसिंह आबांच्या नर्सरीची वेबसाईट त्याच्याच हातची. गेल्या वर्षी कोऱ्हाळ्याच्या प्रगतीशी त्याचं ठरतच आलं होतं. पोरीचा मामा जोतीराम यानं रीतीप्रमाणं चौकशीला आबांना फोन लावला. आबांनी नंतर अविराजच्या पाठीवर थाप मारली, "सोन्यावानी पोरगं म्हणून सांगितलंय बघ!" मामाला सांगितलं होतं ते असं : "दिवसभर घरात लोळतंय. त्याला पोरगी देण्यापरीस विहीर बरी." मामानं ते जसंच्या तसं शकुबाईला ऐकवलं. प्रगती दिवाळीनंतर दुसऱ्या घरी नांदायला गेली.

अविराज भांडला नाही. त्यानं टोमॅटोच्या रोपांचा हंगाम येऊ दिला.

वेबसाईट उघडणारा कुठल्या पानावरून आला, हे तिच्या सर्व्हरला बहुतेक वेळा कळतं. गूगलवर शोधून येणाऱ्यांसाठी अविराजनं निराळं पान बनवलं : 'रोपांवर रोग आल्यामुळे नर्सरी बंद आहे.' त्यांना सरळ दुसऱ्या पत्त्यावर धाडता आलं असतं. पण मग वरचा पत्ता बदललेला दिसतो आणि एखादा शहाणा बोंब मारतो. म्हणून पत्ता आबांचाच राहू दिला, आतल्या आत पान तेवढं बदललं. आबा थोडेच गूगलवर स्वतःची नर्सरी शोधणार? त्यांच्या मोबाईलवर तिचं चित्र अविराजनंच लावून दिलेलं. त्यावर बोट ठेवलं की गूगल मधे न येता जुनं, हिरवंगार पान हजर.

फोन यायचे थांबले तसे आबा मोबाईल घेऊन धावत आले. "आरं, लोक म्हणत्यात बंद हाय!"

अविराजनं त्यांच्याच बोटानं उघडून दाखवलं. "चालू हाय की, आबा. लोकांचं काय ऐकताय? जळत्यात तुमच्यावर."

आबा खूश होऊन, वर चहा पिऊन गेले. रोगाची बोंब बारामतीपर्यंत पोचली आणि ओळखीची गिऱ्हाइकंही फिरकेनाशी झाली. ट्रेमधली रोपं लांबली, पिवळी पडली, मान टाकून बसली. शेवटी आबांनी ती बांधावर ओतली. शेळ्यांची तेवढी चंगळ झाली. अविराज मुद्दाम बघायला गेला आणि "वाईट झालं, आबा," म्हणून आला.

मग बारामतीचं एक गिऱ्हाईक वाटेवर म्हणून डोकावलं. दोन मोबाईल शेजारी धरले : पत्ता अक्षर न् अक्षर एक, आबांच्यात नर्सरी चालू, गिऱ्हाइकाच्यात बंद. आबांच्या डोक्यात उजेड पडला. "पोलिसात देतो त्याला," असं ते चौकात ओरडले, त्याचंच पुढं बेड्यांपर्यंत झालं.

संध्याकाळी आबा दारात उभे. "अव्या, हंगाम घालवलास माझा. तोंडावर चालू म्हणून सांगत हुतास की रं!"

अविराज म्हणाला, "तुमी इचारलं तवा चालू सांगितलं, लोकांनी इचारलं तवा बंद. जोतीराम मामांना फोन लावा, ही रीत कुणाची हाय ते त्येच सांगतील."