आत्याचं बेचकं

एका खोडाचे दोन होतात ती जागा म्हणजे बेचकं. आमच्या आत्याने मात्र हा शब्द झाडापुरता ठेवलाच नाही. सुई बोटांच्या बेचक्यात धर, दुकान गल्लीच्या बेचक्यात आहे, असं तिचं सतत चालायचं. ती दवाखान्याच्या बागेत माळीण होती. डॉक्टर नाडी बघतात, तशी ती आधी बेचकं बघायची. "पसरट असलं तर बिनघोर. चिंचोळं असलं की साल आत दबते आणि झाड तिथेच उलतं," म्हणायची.

रुग्णांचे नातेवाईक ज्या बाकांवर बसायचे, त्यांच्यावरच्या मोठ्या झाडाचं बेचकं नेमकं चिंचोळं, त्यात चीर पडलेली. झाड तोडायचं ठरलं, तशी आत्या दवाखान्याच्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, आता उगाच फाटे फोडू नका," साहेब म्हणाले.

"फाटे झाडाला फुटलेत, साहेब. मी सांधायचं म्हणतेय."

तिने दोन्ही खोडं दोराने आवळून घेतली. मग चिरेच्या वर दोन्हीकडून फुटलेली एकेक कोवळी फांदी एकमेकींत पिळली आणि घरच्या हिरव्या चादरीच्या चिंधीने बांधली. "झाडाची वेणी घालतेय ही!" म्हणून माझे बाबा, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, पोट धरधरून हसले. काही वर्षांत त्या फांद्या एकजीव झाल्या आणि त्यांनीच दोन्ही खोडं धरून ठेवली. दोर काढला. बाबांचं हसू कुठल्या कुठे पळालं.

आत्या निवृत्त झाली आणि घरी बसल्या बसल्या तिला एकदम आठवलं. चिंधी सोडायची राहिली होती! वेळेवर न सोडलेला बंध म्हणजे वाढत्या फांदीला फास, हे तीच सगळ्यांना शिकवायची. तिने नव्या माळ्याला गाठलं. "खालून तर काही दिसत नाही, मावशी," तो म्हणाला. तिचे गुडघे गेलेले, वर कोण चढणार? तेव्हापासून ती त्या झाडाखालच्या बाकावर कधी बसली नाही. बसलेल्यांनाही म्हणायची, "जरा पलीकडे सरका."

मग एका संध्याकाळी असं वारं सुटलं, की दवाखान्याच्या भिंतीलगतची झाडं मुळासकट आडवी झाली. सकाळी आत्याने मला ओढतच तिथे नेलं. मोठं झाड उभं होतं. मी शिडी लावून वर गेले.

"चिंधी दिसते का गं?"

"नाही."

"डोळे आहेत की बटणं? नीट बघ!"

दोन खोडांच्या मधे मांडीएवढी आडवी फांदी होती. कुठली कुठून आली, काही म्हणजे काही कळेना. मधोमध साल फुगलेली, आणि तिच्या एका घडीतून नखाएवढा हिरवा धागा बाहेर आलेला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी शिडीवरच हात जोडले.

"आत्या, झाडाने चिंधी गिळली गं!"

"गिळली?" तिने दोन्ही तळवे खोडावर टेकले. "माझी चूकसुद्धा गिळली?" आणि ती हमसून हमसून रडली.

मी खाली उतरून म्हटलं, चल घरी. ती बरोबर बेचक्याखालच्या बाकावर जाऊन बसली.

"तू हो पुढे," म्हणाली. "मी बसते जरा."