नशीबवान डोळ्यावरची पट्टी

माझ्या भाचीचा डावा डोळा नाकाकडं बघायचा, आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान! अशी बारीक तिरळी नजर म्हणजे लक्ष्मीचा डोळा, असं शिरोळ भागातल्या आमच्या नदीकाठच्या गावात सगळेच मानायचे. कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी बोअर मारली, की आधी या पाच वर्षांच्या पोरीला उचलून न्यायचे. पावसाळ्यात कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागायच्या, तेव्हा गावच्या होडीचा नारळ तिच्याच हातनं फुटायचा. मी तिचा बिनकामाचा मामा, म्हणजे जवळजवळ मॅनेजरच!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. डोळ्यांच्या डॉक्टरसाठी कोल्हापूर गाठायचं, तर एसटीनं जाण्यायेण्यात अख्खा दिवस जायचा. म्हणून शाळेत शिबिर लागल्याबरोबर मी आण्णांना, म्हणजे वडिलांना, मोतीबिंदू दाखवायला नेलं. भाचीला कडेवर घेतलं, आण्णांचं काम फत्ते व्हावं म्हणून. शिबिरात सगळे म्हातारे. लहान मूल एकच, तेही शकुनाला आणलेलं.

डॉक्टरबाईंनी आण्णांना सोडून पोरीकडंच पाहिलं. "हिला कधीपासून असं?"

"जन्मापास्नं! लकी हाय बाई ती," मी छाती फुगवून म्हणालो.

बाईंनी तिचा उजवा डोळा हातानं झाकला आणि समोरच्या बाकाकडं बोट केलं. "तिथं कोण बसलंय?"

"कोण तरी म्हातारा हाय."

बाकावर आण्णा होते. तिला रोज खांद्यावरनं मळ्यात फिरवणारे आण्णा. माझ्या छातीतली सगळी हवा गेली.

बाई म्हणाल्या, "वापर नाही, म्हणून हा डोळा आळशी झालाय. आत्ता कामाला लावला तर बघायला शिकेल. मोठेपणी नाही शिकणार." चष्मा दिला, रोज एक डोळा झाकायला चिकटपट्ट्या दिल्या. कुठला डोळा तेही सांगितलं असणार; मी मात्र हे गावाला कसं सांगायचं, या विचारात होतो.

घरी बहिणीनं विचारलं, "कुठल्या डोळ्याला रं लावायची?"

"आक्का, गुडघा फुटल्यावर पट्टी कोपराला बांधतीस का? वाकड्या डोळ्याला!"

दुसऱ्या दिवशी होडीवाले दारात. त्यांचा कप्तान ओरडला, "शर्यत तोंडावर आलीया आणि लक्ष्मीलाच कुलूप लावलंस व्हय? झाकायचाच आसंल तर दुसरा झाक की!"

मी उंबऱ्यावर उभा राहून भाषण ठोकलं. "हे शास्त्र हाय! तुमच्या होडीपायी पोरीचा डोळा घालवू काय?" होडीवाले आल्या पावली परत गेले. स्वतःवर इतका खूश मी त्याआधी कधी झालो नव्हतो. होडी शेवटची आली, तरी मी हटलो नाही.

महिन्यानं बाई परत आल्या. पट्टी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "मामा, चांगल्या डोळ्याला कामाला जुंपलंत आणि आळशी डोळ्याला घरी बसवून ठेवलंत?"

ऑपरेशननंतरच्या काळ्या चष्म्याआडून आण्णा म्हणाले, "घरात आणि एक हाय तसला."

बाई हसल्या नाहीत. "महिना गेला. अजून वेळ आहे, पण आता खाडा नको."

कप्तानाकडं जाऊन मला सांगावं लागलं, की दुसराच डोळा झाकायचाय. तालमीत फेटे उडावेत तसा गलका झाला. "आमी काय म्हणत हुतो!" त्यांचं कारण चूक, उत्तर बरोबर; माझं सगळंच चूक! पण त्या दिवसापासून अख्खं गाव पहाऱ्यावर. पोरीनं पट्टी उपटली रे उपटली, की गल्लीतनं आवाज, "पट्टी कुठाय गं?"

पुढच्या पावसाळ्यात घाटावर ही गर्दी! पोरगी माझ्या खांद्यावर, चष्म्याआड उजव्या डोळ्याला पट्टी. वळणावर दोन होड्या दिसल्या. "कुणाची फुडं हाय?" सगळे ओरडत होते, कुणाला सांगता येईना.

तिनं माझे केस धरून ओढले. "मामा, पिवळा झेंडा! आपलीच!"

मी हात वर करून चाचपलं. पट्टी घट्ट होती.

शेवटच्या टप्प्यात आमची होडी मागं पडली. कप्तान तोंड पाडून काठाला लागला, तर मी त्यालाच मिठी मारून नाचायला लागलो.

"येड लागलंय काय? हारलोय आपण!"

"हरू दे की! पोरीला झेंडा दिसला!"

त्याचा विश्वास बसेना. त्यानं होडीकडं पाठ करून तिला विचारलं, "कसला गं झेंडा?"

"पिवळा. कोपऱ्यात फाटलाय."

कप्तान गर्रकन मागं वळला.

"आयला," तो म्हणाला, "आमाला कुणालाच दिसलं न्हाय!"