सर्जेरावांचा म्हसोबा

सर्जेरावांविषयी जे ठाऊक आहे ते फार थोडं आहे. सुखदेवराव त्यांच्या शेजारी ओढ्याकाठच्या बाकावर कित्येक वर्षं बसले, पण सर्जेरावांच्या घराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. सर्जेरावांचे दोन ट्रक होते, पहाटे मार्केट यार्डाला भाजी जायची. मग गाव महापालिकेत गेलं, शेतात सोसायट्या उभ्या राहिल्या आणि ट्रक विकले गेले, एवढं कानावर होतं. बाकावर बोलणं व्हायचं ते गुडघ्यांचं आणि पाण्याचं.

आणि पाण्यातच विघ्न आलं. सुखदेवरावांच्या सोसायटीच्या बोअरला डिझेलचा वास येऊ लागला. पाठोपाठ सर्जेरावांच्या विहिरीवर रंगीत तवंग दिसला. सोसायटीने बोअर बंद केली. सर्जेरावांच्या घरची मंडळी नळाचं पाणी पिऊ लागली, पण त्यांच्या पत्नी सोजरबाई विहिरीचंच पीत राहिल्या. नळाच्या पाण्याने तहान भागत नाही, हे त्यांचं जुनंच म्हणणं.

तपासणीला अक्षता नावाची भूजलाची जाणकार मुलगी आली. तिच्या माणसांनी ठिकठिकाणी जमिनीत भोकं पाडली, माती काचेच्या बरण्यांत भरली, प्रत्येक भोकात पाणी किती खोल आहे ते मोजलं. बाकावरून दोघे म्हातारे ते बघत असत.

"काका, डिझेल त्या वरच्या कोपऱ्यातून येतंय," एके दिवशी ती म्हणाली. "तिथे खाली जुनी टाकी असणार. पण नक्की कुठे ते कळल्याशिवाय ड्रिल लावता येत नाही. टाकी फुटली, तर उरलंसुरलं सगळं विहिरीत."

सर्जेरावांच्या जागेच्या त्या कोपऱ्यात म्हसोबा होता, शेंदूर लावलेला धोंडा. नातू सूरज डेंगीतून उठला तो याच देवाच्या नवसाने, अशी सोजरबाईंची श्रद्धा. रोज सकाळी विहिरीच्या पाण्याने त्या देवाला न्हाऊ घालत आणि तांब्यात उरलेलं पाणी तीर्थ म्हणून पीत.

"देवाच्या दारात भोक पाडायचं न्हाय," त्यांनी बजावलं.

"आजी, पाण्याला वास येतोय ना?"

"तुमची मशीन आल्यापास्नं येतोय."

सर्जेराव शेजारीच उभे होते. संध्याकाळी बाकावर ते बराच वेळ काठीने माती उकरत बसले.

"सुखदेवराव, तुम्ही त्या म्हसोबाला कधी हात जोडलं न्हायीत."

"आम्ही बौद्ध. तुम्हाला ठाऊक आहे."

"म्हणून तुम्हालाच सांगतो. तो म्हसोबा न्हाय. खाली टाकीचं झाकण हाय."

टाकी ट्रकांसाठी पुरलेली. ट्रक गेले, टाकी राहिली, तळाचं डिझेलही राहिलं. झाकण गंजलं आणि नेमक्या त्याच जागेवर लोक गाड्या लावू लागले. एखादी आत जाईल म्हणून सर्जेरावांनी एक धोंडा ठेवला आणि त्याला शेंदूर फासला. जिन्यात कोणी थुंकू नये म्हणून देवांच्या फरश्या बसवणारं हे शहर. गाड्या दुसऱ्याच दिवशी हलल्या. पुढे कोणी लिंबू वाहिलं, कोणी नारळ फोडला. मग सूरज आजारी पडला.

"त्या पोरीला तुम्ही सांगा," सर्जेराव म्हणाले. "तुम्हाला बोलाय जमतं."

सुखदेवरावांच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव स्वतःच्या हाताने बाहेर काढले होते. पण ते स्वतःच्या घरातले.

"मी तोंड उघडलं, तर बौद्धाने देव उठवला एवढंच लोक म्हणतील. टाकीचं कोणी ऐकणारही नाही."

"ते बी खरं हाय." सर्जेरावांनी काठी बाजूला ठेवली. "रोज पिती हो ती. सांगितलं, तर पुन्हा माझ्या तोंडाकडं बघायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी सोजरबाई तांब्या घेऊन म्हसोबापाशी आल्या, तेव्हा सर्जेरावांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पाणी जमिनीवर ओतलं. अक्षता होती, वाडीतली माणसं जमली होती. सगळ्यांदेखत त्यांनी सगळं सांगितलं आणि पहार घालून धोंडा बाजूला केला. खाली लोखंडी झाकण होतं. उग्र दर्प आला तशी माणसं मागे सरली.

सोजरबाई हलल्या नाहीत.

"सूरज दवाखान्यात होता," त्या म्हणाल्या. "मी इथं उपाशी बसले होते. तवा तरी सांगायचं."

आणि घराकडे निघून गेल्या.

टाकी बाहेर काढली, तेव्हा तिच्या तळाची चाळण झालेली होती. विहिरीवर जाळी बसली. पाणी निवळायला किती वर्षं लागतील, ते अक्षतालाही सांगता येईना. वाडीतल्या काहींनी सर्जेरावांना रामराम घालणं सोडलं. ते बाकावर येत राहिले, आणि पावसाळा सरता सरता एका पहाटे झोपेतच गेले. आदल्या दिवशी दोघांचं बोलणं झालं होतं ते एवढंच.

"वहिनी बोलतात का आता?"

"वाढती."

"आणि पाणी?"

"नळाचं. तोंड वाकडं करून."

"पितात ना, झालं तर."

"पिती." सर्जेराव गुडघ्यावर हात टेकून उठले. "चला. दुकान बंद व्हायच्या आत डाळ आणाय सांगितलीय."

"वहिनींनी?"

"सुनंनं."

"बरं. सावकाश जा."

"येतो."