थोल

आई नागपूरहून एडिसनला आमच्याकडे आली ती ऐन हिवाळ्यात. आल्यावर थोड्याच दिवसांत ती ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरली आणि हातावर पडली. मी ॲम्ब्युलन्सला फोन करेपर्यंत शेजारच्या आजी ब्लँकेट घेऊन आल्या. या आजी मूळच्या स्कॉटलंडच्या. लग्न होऊन अमेरिकेत आल्या, पण बोलणं अजून तिकडचंच. आईच्या पाठीला आधार देत त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "थोल इट, थोल इट."

मनगटाला प्लास्टर घालून परतताना आई म्हणाली, "बाई चांगली आहे गं. पण पडल्यावर तोल सांभाळ म्हणून काय उपयोग?"

"आई, त्यांना मराठी कुठून येणार?"

"मी ऐकलं ना! तोल, तोल म्हणत होती."

आजी सूप घेऊन आल्या तेव्हा मी विचारलंच. त्या खूप हसल्या. "थोल म्हणजे सोसणं," त्या म्हणाल्या. "दुखतंय, पण इलाज नाही, तेव्हा तग धरायचा. माझी आई दातदुखीलाही हेच सांगायची आणि पावसालाही." शब्द जुन्या इंग्रजीतला, इंग्लंडमध्ये बराचसा मागे पडला, त्यांच्याकडे टिकला.

मी मग शब्दकोश उघडला. मूळ त्याहूनही मागे जात होतं, उचलणं, भार पेलणं अशा अर्थाच्या एका धातूकडे. संस्कृतातली तुला त्याच धातूची, आणि आपला तोलही तिच्याच कुळातला.

आईला सांगितलं, तर तिला काडीचं नवल वाटलं नाही. "मग मी काय म्हणत होते?"

आजींचे यजमान जवळच्या केअर होममध्ये होते. त्यांना आता बायकोचीही ओळख उरली नव्हती, तरी आजी रोज दुपारी जात. हे कळल्यावर आईने मला विचारायला लावलं, "मी येऊ का सोबत?"

पहिल्या दिवशी मीही गेले. आजोबा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते. आजींनी त्यांचे केस विंचरले, नातवाची बातमी सांगितली. त्यांनी मान वळवली नाही. मग त्यांची नजर आईच्या प्लास्टरवर गेली. ते वाकले, आईची बोटं हातात धरली आणि हळूच विचारलं, "दुखतंय का?"

विचारलं इंग्रजीत, पण आईला समजलं. ती मराठीतच म्हणाली, "थोडंसं."

आजी एकदम उठून खिडकीपाशी गेल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "त्यांनी कुणाला काही विचारलं, त्याला किती महिने झाले असतील."

त्यानंतर आई रोज दुपारी त्यांच्याबरोबर जाऊ लागली. प्लास्टर निघाल्यावरही गेली. आजोबांनी पुन्हा काही विचारलं नाही. दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसायच्या, आई मोसंबं सोलून फोडी पुढे करायची आणि ते निमूटपणे खायचे.